झीज तासांची, हिशेब किलोमीटरचा

पोलिसांच्या मोटारसायकलीची झीज हा विषय यंत्राचा जितका आहे तितकाच कामाच्या रीतीचा आहे. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन सारख्या गाड्यांपैकी एक शिक्षकाच्या दारात गेली आणि दुसरी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहिली, तर काही वर्षांनी दोन्हींच्या काट्यावर किलोमीटरचा आकडा सारखाच दिसत असला तरी इंजिन उघडल्यावर आत दिसणारी अवस्था सारखी नसते. शिक्षकाची गाडी ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेळी, एकाच माणसाच्या हाताखाली धावते. पोलिसांची गाडी कधी तासन्‌तास जागच्या जागी धडधडत राहते, तर कधी थंड असतानाच एकदम पूर्ण वेगाने सोडली जाते, आणि सकाळी ती ज्याच्या हाती असते त्याच्या हाती ती रात्री असेलच असे नाही. हा फरक शहरांपेक्षा ग्रामीण हद्दीत अधिक उघडा पडतो, कारण तेथे वापराच्या या रीतीला माती, ऊन आणि अंतर यांची जोड मिळते.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव पारध पोलीस ठाण्याच्या हद्दीत मोडते. जिल्ह्याचे मुख्यालय येथून भोकरदनच्याही पलीकडे, पन्नासहून बऱ्याच अधिक किलोमीटरवर आहे. बुलढाणा जिल्ह्याची हद्द मात्र जवळ आहे आणि पश्चिमेकडे सिल्लोड तालुका लागतो, त्यामुळे एका जिल्ह्यात हात मारून दुसऱ्या जिल्ह्यात पसार होणे चोरट्याला जितके सोपे, तितकाच त्याचा माग काढणे अंमलदाराला, म्हणजे शिपायापासून सहायक फौजदारापर्यंतच्या पोलीस कर्मचाऱ्याला, जिकिरीचे ठरते. गावाची ख्याती हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी आहे. उन्हाळी लागवडीची तोड पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू झाली की दिवसभर तोडलेला माल संध्याकाळकडे पिकअप, ट्रॅक्टर आणि मोटारसायकलींवरून बाजारात येतो, खरेदीदारांच्या मालमोटारी त्याच रस्त्यावर भरल्या जातात आणि वाहतूक मोकळी ठेवण्यासाठी उभ्या असलेल्या पोलिसाला आपली गाडी बंद करून निवांत बाजूला लावण्याची सोय राहत नाही. बाजारात रोख पैशांची देवघेव असल्याने रात्रीची गस्तही याच हंगामात वाढते.

या भागातील पोलीस काम पूर्वी पायी, घोड्यावरून आणि नंतर बराच काळ सायकलीवरून चालत असे. निजामी अंमल संपून १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, पुढे १९८१ च्या १ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यापासून वेगळा होऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला, आणि या सगळ्या काळात खेड्यातील बंदोबस्ताचा कणा राहिला तो पोलीस पाटील, ज्याच्या नेमणुकीला आणि कर्तव्यांना १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने आजचे रूप दिले. ठाण्याच्या हद्दीचे जे छोटे भाग पाडलेले असतात त्यांना बीट म्हणतात, आणि बीट अंमलदाराने गावोगाव जाऊन पोलीस पाटलाला भेटणे, समन्स-वॉरंट बजावणे, यात्रा-मिरवणुकांना हजर राहणे हे त्याचे नित्याचे काम होय. या कामात मोटारसायकल शिरली तेव्हा अंतर कमी झाले. काम मात्र कमी झाले नाही, उलट जितके जाता येते तितके जावेच अशी अपेक्षा निर्माण झाली.

भारतात पोलीस आणि मोटारसायकल हे नाते घट्ट झाले ते बुलेटमुळे. सरहद्दीवरील गस्तीसाठी भारत सरकारने १९५० च्या दशकात ३५० सीसीची, म्हणजे नळकांड्याची क्षमता ३५० घन सेंटिमीटर असलेली, एन्फिल्ड बुलेट पसंत केली आणि १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. बुलेटच्या इंजिनात फ्लायव्हील, म्हणजे फिरण्याची गती टिकवून धरणारे जड चक्र, चांगलेच वजनदार असते; त्यामुळे ती अगदी मंद गतीतही न गुदमरता चालते आणि मिरवणुकीपुढे पावलापावलाने सरकण्याचे काम तिला फारसे जड जात नाही. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांचे युग सुरू झाले. खेड्यापाड्यांत या गाड्यांनी केलेले काम मोठे आहे आणि सरकारी खात्यांनाही त्यांचा सरासरीचा आकडा भावला. परंतु हलक्या फ्लायव्हीलच्या लहान इंजिनाला जोर येतो तो फेरे वाढल्यावर, आणि मंद चालीचे काम त्याच्या गळ्यात बांधले की सगळा भार क्लचवर येतो. सरासरी पाहून गाडी निवडणाऱ्यांच्या लक्षात हा मुद्दा क्वचितच येत असावा.

क्लच हा इंजिन आणि मागचे चाक यांना जोडणारा व तोडणारा भाग असून बहुतेक मोटारसायकलींत तो तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा बनलेला असतो. त्यांतील एकाआड एक चकत्यांवर घर्षण निर्माण करणारा थर असतो, आणि हँडलवरची मूठ अर्धी दाबून धरली म्हणजे, ज्याला सगळेच ‘हाफ क्लच’ म्हणतात, त्या एकमेकींवर घसरत राहतात. गणेश विसर्जनाची मिरवणूक तासाभरात एखाद-दीड किलोमीटर सरकते. पहिल्या गिअरमध्ये इंजिन बंद न पडता लहान गाडी ज्या किमान वेगाने चालू शकते तो याहून बराच अधिक असल्याने पुढे बंदोबस्ताला असलेल्या अंमलदारापुढे दोनच मार्ग उरतात: गाडी ढकलत चालणे किंवा हाफ क्लचवर रांगणे. बहुधा तो दुसरा मार्ग स्वीकारतो. पूर्णा, गिरजा, केळणा यांच्या पात्रांतील वाळूचोरी रोखण्यासाठी रात्री पात्रात उतरणाऱ्या पथकाची गतही याहून वेगळी नसते, कारण सुट्या वाळूत मागचे चाक रुतले की इंजिन गर्जते, चकत्या घसरतात, आणि काही वेळाने जळक्या वासावरूनच आत काय चालले आहे ते कळते. अशा गाडीचे पुढचे लक्षण मिस्त्री एका वाक्यात सांगतात: इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही. झिजलेल्या थराची भुकटी तेलात मिसळते आणि तेच तेल पिस्टन, गिअर आणि वरच्या कॅमपर्यंत, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागापर्यंत, फिरत असल्याने क्लचचे दुखणे क्लचपुरते राहत नाही, हे मात्र त्या वाक्यात येत नाही.

मातीचा परिणाम पाहायचा तर पाऊस उघडल्यानंतर आठवडाभराने पाणंद रस्त्यावरून, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक वाटेवरून, आलेल्या गाडीच्या मागच्या बाजूला बसावे. काळ्या मातीचा चिखल प्रथम टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरतो, इतका की चाक फिरेनासे होते आणि काडीने किंवा सापडेल त्या काटकीने तो उकरून काढावा लागतो. या त्रासाला कंटाळून अनेक शेतकरी पुढचे मडगार्ड उचलून बांधतात किंवा काढूनच टाकतात. सरकारी गाडीला तसे करता येत नाही. चेनच्या आवरणाचे दोन स्क्रू काढले की आत वाळलेल्या मातीचे पोपडे निघतात आणि त्यांच्याखाली चेनवर ऑईल व बारीक मातीचा जो काळा लेप बसलेला असतो तो बोटांवर घेऊन चोळला तर कचकचतो. चेनला ऑईल देणे चांगले, असा समज असलेला अंमलदार चिखलाने माखलेल्या चेनवर तसेच ऑईल सोडतो आणि त्यामुळे सहाणेवर उगाळावे तशी प्रत्येक कडी आपल्याच खिळीला उगाळत राहते. मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर बसते त्या दातेरी चक्राच्या, दात्यांची टोके मग एका बाजूला झुकून अणकुचीदार होतात. नव्या दात्यावर चेन सपाट बसते, झुकलेल्या दात्यावर ती अडकत अडकत सुटते, आणि वेगात असताना ती उतरली तर चाक जाम होण्याचा धोका असतो. चेन, पुढचे लहान चक्र आणि मागचे मोठे चक्र हे तिन्ही एकदमच बदलावेत असा नियम आहे, कारण जुन्या दात्यांवर नवी चेन चढवली तर जुने दाते तिलाही आपल्या वळणावर नेतात. काटकसर म्हणून नुसती चेन बदलण्याची प्रथा मात्र सर्वत्र आढळते.

उन्हाळ्यात याच मातीचा फुफाटा होतो आणि चिखलाने जे बाहेरून केले ते धूळ आतून करते. एअर फिल्टर म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा कागदी किंवा फोमचा भाग. गस्तीची गाडी पुढच्या जीपमागे किंवा वाळूच्या ट्रॅक्टरमागे कच्च्या रस्त्याने धावते तेव्हा ती स्वच्छ हवेत नव्हे, तर दुसऱ्याने उडवलेल्या धुळीच्या लोटात श्वास घेते, आणि त्यामुळे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली फिल्टर बदलण्याची मुदत येथे लागू पडत नाही. पुस्तिकेतही धुळीच्या प्रदेशात हे काम लवकर करावे असे छापलेले असते. ती ओळ वाचून कार्यवाही झाल्याचे उदाहरण विरळा. बाभळीच्या काट्यांचा उल्लेखही येथे आवश्यक आहे, कारण इंजिन कितीही ठणठणीत असले तरी बांधाच्या कडेला तोडून टाकलेल्या फांदीवरून चाक गेले की मध्यरात्रीची गस्त तेथेच संपते. ट्यूबलेस टायर, म्हणजे आत वेगळी ट्यूब नसलेला आणि काटा रुतला तरी हवा हळूहळू सोडणारा टायर, ग्रामीण पोलीस गाडीला आधी हवा, बाकीची शोभा नंतर.

२०२१ पासून राज्यात ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक कार्यान्वित झाला आणि झिजेच्या या कहाणीत नवे पान उघडले. मदतीचा फोन नवी मुंबईतील महापे येथील किंवा नागपूर येथील केंद्रात घेतला जातो, तेथून तो जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे आणि पुढे घटनास्थळाजवळच्या वाहनाकडे जातो, आणि वाहनावरील एमडीटी या यंत्रावर, म्हणजे ठिकाण व तपशील दाखवणाऱ्या पडद्यावर, तो उमटतो. किती मिनिटांत पोहोचलात हे यंत्र नोंदवत असल्याने सूचना येताच निघणे क्रमप्राप्त ठरते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे तेल इंजिनाच्या तळाशी उतरलेले असते. ते वर कॅमपर्यंत पोहोचायला काही क्षण आणि सर्वत्र नीट पसरायला त्याहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळेत ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळली जाते. संकटातल्या माणसाकडे धावणाऱ्या अंमलदाराला इंजिन गरम होऊ द्या असे सांगणे अर्थातच गैर आहे. ही झीज कामाची किंमत म्हणून स्वीकारली पाहिजे, फक्त ती किंमत कोठेतरी मांडली गेली पाहिजे.

तिच्या उलट टोकाची झीज उभ्या गाडीची असते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला थंडावा मिळतो तो गाडी धावत असताना फिन्सवरून, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या उभ्या-आडव्या पातळ पट्ट्यांवरून, वाहणाऱ्या वाऱ्यामुळे; गाडी उभी आणि इंजिन चालू असेल तर तो वारा नसतो, वैशाखात बाहेरचे तापमान चाळीस अंशांपलीकडे गेलेले असते, तेल पातळ होते आणि त्याचे वय झपाट्याने सरते. तरीही इंजिन चालू ठेवावे लागते, कारण दिवे, सायरन, बिनतारी संच किंवा चार्जिंगला लावलेले यंत्र हे सगळे बॅटरीवर चालते. शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी साधारण तीन-चार अँपिअर-तासांची, म्हणजे हेडलाइट, हॉर्न आणि सेल्फपुरती, योजलेली असते. मंद गतीत विद्युतनिर्मितीही कमी होत असल्याने अनेकदा इंजिन चालू असूनही बॅटरी उतरतच राहते, मग सेल्फ लागत नाही, आणि किक असलेली जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा भरवशाची वाटू लागते.

दीर्घकाळ मंद चाल आणि मधूनच टोकाचा वेग, या मिश्रणाचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात याचे एक उदाहरण ब्रिटनचे आहे, जरी ते चारचाकीचे असले तरी. २०२० च्या जानेवारीत कंब्रिया परगण्यात एका बीएमडब्ल्यू पोलीस मोटारीचे इंजिन वेगात असताना निकामी होऊन अपघात झाला आणि ती चालवणारा अंमलदार मृत्युमुखी पडला. त्या इंजिनाच्या गाड्यांवर तेथील पोलीस दलांनी निर्बंध घातले, आणि हा दोष पोलीस ज्या विशिष्ट पद्धतीने गाड्या वापरतात त्या पद्धतीशी निगडित असल्याची भूमिका बीएमडब्ल्यू कंपनीने घेतली. उत्पादकाची ही भूमिका सोयीची म्हणता येईल, पण पोलिसी वापर हा स्वतंत्र प्रकारचा वापर आहे ही गोष्ट तीतून मान्य झाली. अमेरिकेत मिशिगन राज्य पोलीस मोटारींबरोबर मोटारसायकलींचीही दरवर्षी चाचणी घेऊन निष्कर्ष जाहीर करतात, ते याच जाणिवेतून.

आता एका अवघड मुद्द्याकडे वळावे लागते. ग्रामीण पोलीस कामाचा मोठा हिस्सा सरकारी मोटारसायकलीवर होतच नाही. तो अंमलदाराच्या स्वतःच्या गाडीवर होतो. समन्स घेऊन निघालेला, पंचनाम्यासाठी बोलावलेला, यात्रेच्या बंदोबस्ताला पहाटे पोहोचायचे असलेला अंमलदार बहुतेक वेळा हप्त्यावर घेतलेल्या आपल्याच दुचाकीला किक मारतो. या गाडीची झीज कोणत्याही शासकीय नोंदीत येत नाही. चेन-स्प्रॉकेट, क्लचप्लेट, टायर यांचा खर्च त्याच्या घरखर्चातून जातो, आणि सायकल भत्ता नावाची जी तरतूद पोलिसांसाठी जुन्या काळापासून चालत आली तिचे नावच तिचा काळ सांगते. गंमत अशी की ही नोंदीबाहेरची गाडी बहुधा सरकारी गाडीपेक्षा चांगल्या अवस्थेत असते. तिचा मालक एक असतो, तिच्या आवाजात किंचित बदल झाला तरी त्याच्या कानाला तो खटकतो, आणि रविवारी दारात पाणी मारताना ढिला झालेला आरा त्याच्या हाताला लागतो. ठाण्याच्या गाडीला मात्र बारभाई कारभार लाभतो: दिवसपाळीचा अंमलदार ब्रेक उशिरा लागतो म्हणून जपून चालवतो, रात्रपाळीच्याला ते सांगायचे राहून जाते, आणि वळणावर जेव्हा ते कळते तेव्हा कळण्याचा उपयोग नसतो. यात निष्काळजीपणापेक्षा व्यवस्थेचा भाग मोठा आहे. ज्या वस्तूची काळजी सर्वांवर सोपवली जाते तिची काळजी कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

दुरुस्तीची वाटही लांबची आहे. जिल्हा पोलीस दलात वाहनांची देखभाल मोटार परिवहन शाखा पाहते आणि ती मुख्यालयी असते. किरकोळ बिघाडासाठी हद्दीच्या टोकावरून इतक्या दूर गाडी पाठवणे म्हणजे त्या दिवसापुरते बीट उघडे टाकणे, त्यामुळे बिघाड किरकोळ असेपर्यंत थांबले जाते आणि तो मोठा झाल्यावरच गाडी निघते. वयोमर्यादेबाबत मात्र आता संदिग्धता उरलेली नाही: १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण केंद्राच्या नियमानुसार बंद झाले असून अशा गाड्यांचे निर्लेखन, म्हणजे अधिकृतपणे वापरातून काढून टाकणे, बंधनकारक ठरले आहे. परंतु पंधरा वर्षे ही बाहेरची हद्द झाली. गाडी तिच्या किती तरी आधी आतून संपलेली असू शकते, आणि ती संपली आहे हे ठरवण्यासाठी खात्याजवळ जे माप आहे ते किलोमीटरचे आहे.

येथेच मूळ अडचण आहे. सरकारी वाहनाच्या लॉगबुकात, म्हणजे प्रवासाच्या नोंदवहीत, निघाल्याची व परतल्याची वेळ, किलोमीटरचे आकडे, कामाचा तपशील आणि सही असते. इंजिन त्यातला किती वेळ चालू होते हे मात्र त्यातून समजत नाही. फोर्ड कंपनी आपल्या पोलीस मोटारींच्या बाबतीत उभ्या गाडीचे इंजिन एक तास चालू राहणे हे सुमारे ३३ मैल, म्हणजे ५३ किलोमीटर, धावण्याइतक्या झिजेचे मानते आणि त्यानुसार ऑईल बदलण्याची मुदत ठरवायला सांगते. मोठ्या, पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनासाठीचे हे गुणोत्तर हवेवर थंड होणाऱ्या लहान इंजिनाला जसेच्या तसे लावता येणार नाही, परंतु दिशा त्यातून स्पष्ट होते. समजा, मिरचीच्या हंगामात एखादी गाडी संध्याकाळी चार तास बाजारात चालू स्थितीत उभी राहिली आणि काटा जेमतेम सहा किलोमीटर पुढे सरकला, तर फोर्डच्या मापाने त्या चार तासांची झीज दोनशे किलोमीटरहून अधिक धरावी लागेल. नोंदवहीत मात्र सहाच किलोमीटर जमा होतील आणि ऑईल बदलण्याची तारीख जागची हलणार नाही.

तासांचे हे माप पिंपळगाव रेणुकाईला परके नाही. गावातील प्रत्येक ट्रॅक्टरवर तासांचे मीटर असते, त्याची सर्व्हिसिंग तासांवर होते, विहिरीच्या नाहीतर बांधबंदिस्तीच्या कामाला आलेल्या जेसीबीचे भाडे तासावर ठरते आणि ट्रॅक्टरचे ऑईल किती तासांनी बदलायचे हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. नांगराला जोडलेला ट्रॅक्टर दिवसभरात किती किलोमीटर चालला हा प्रश्नच तेथे कोणी विचारत नाही, कारण तो गैरलागू आहे. बंदोबस्तातील मोटारसायकलही काही अंशी त्याच वर्गात मोडते, आणि तिला शिक्षकाच्या गाडीच्या मापाने मोजणे ही चूक यंत्राची नव्हे, मोजणाऱ्याची आहे. इंजिन चालू असतानाच फिरणारे लहान तासमीटर बाजारात मिळते आणि त्याची किंमत क्लचप्लेटच्या एका जोडापेक्षा फार मोठी नसते. ते ठाण्याच्या प्रत्येक मोटारसायकलीवर बसवावे, लॉगबुकात किलोमीटरशेजारी तासांचा रकाना आखावा, ऑईल व फिल्टर यांची मुदत दोन्हींपैकी जे आधी भरेल त्यावर ठरवावी, पाळी बदलताना गाडीबद्दलची तक्रार त्याच पानावर लिहून घ्यावी आणि प्रत्येक गाडी एका अंमलदाराच्या नावे करावी, एवढी मागणी जिल्हा स्तरावरही मान्य होण्यासारखी आहे. स्वतःची दुचाकी सरकारी कामाला जुंपणाऱ्या अंमलदाराच्या झिजेचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र मंत्रालयाच्या पातळीवरचा असून तो तेथेच सोडवावा लागेल.